पक्ष्याचे नाव यंत्राला

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुक्याचे गाव होय. भोवताली धानाच्या बांध्या, मधूनमधून तलाव आणि बोड्या, आणि तालुक्यातून वाहत जाऊन वैनगंगेला मिळणारी चुलबंद नदी, असा हा मुलूख आहे. धानाची मळणी आटोपली म्हणजे पोत्यांनी भरलेले ट्रक इकडील रस्त्यांवरून राइस मिलकडे जाऊ लागतात. अशा एखाद्या ट्रकचे चाक रस्त्याच्या कडेला मऊ मातीत रुतले आणि ट्रक एका अंगावर कलंडला, तर पुढे काय होते, हे येथील मुलांना चांगले ठाऊक असते. प्रथम पोती उतरवून घेतात. मग कोणी तरी फोन करतो. काही वेळाने धुरळा उडवीत एक पिवळे यंत्र येते. त्याची मान लांब असते, आणि मानेच्या टोकाशी एक मोठा आकडा लोंबत असतो. "क्रेन आली, क्रेन आली!" असे ओरडत मुले रस्त्याकडे धाव घेतात. यंत्र आपली मान खाली वाकविते, आकडा ट्रकला अडकविला जातो, आणि तो एवढा मोठा ट्रक हळूहळू चाकांवर उभा राहतो.

'क्रेन' हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी आता तो आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. तथापि मोठा इंग्रजी शब्दकोश उघडून हा शब्द काढला, तर वाचणारा क्षणभर थबकतो. त्या ठिकाणी दोन अर्थ दिलेले आढळतात. एक अर्थ ओझे उचलणारे यंत्र हा आहे. दुसरा अर्थ मात्र अगदीच निराळा आहे. लांब पायांचा, लांब मानेचा, पाणथळ जागी राहणारा एक पक्षी, असा तो अर्थ होय. ह्या दोन अर्थांत पक्ष्याचा अर्थ जुना असून यंत्राचा अर्थ मागाहून आलेला आहे.

लोखंडाच्या यंत्राला पक्ष्याचे नाव कसे मिळाले? आणि तो पक्षी कोणता? ह्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. ते आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातच सापडते.

ह्या जातीच्या पक्ष्यांचे जगात सुमारे पंधरा प्रकार आहेत. त्यांपैकी सर्वांत उंच जो प्रकार, त्याला आपण सारस म्हणतो. उडू शकणाऱ्या साऱ्या पक्ष्यांत सारस हा जगातील सर्वांत उंच पक्षी आहे. पूर्ण वाढलेला सारस ताठ उभा राहिला म्हणजे त्याची उंची सुमारे 180 सेंटिमीटरपर्यंत भरते. म्हणजे तो सातवीतील विद्यार्थ्याच्या डोक्यावरून सहज पाहू शकेल. त्याचे अंग राखी रंगाचे असते, पाय तांबूस असतात, आणि डोके व मानेचा वरचा भाग लाल असतो. हे पक्षी बहुधा जोडीने राहतात व एकदा जमलेली जोडी सहसा मोडत नाही. पावसाळ्यात उथळ पाण्यात, कधी तलावाच्या काठी तर कधी थेट धानाच्या बांधीत, गवत आणि काड्या रचून ते मोठे घरटे करतात. त्यात बहुधा दोन अंडी असतात. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे एक महिना ती उबवितात.

संस्कृतात 'सरस्' म्हणजे तळे किंवा सरोवर. जो सरोवराचा, तो सारस. आपल्या पूर्वजांनी त्या पक्ष्याला त्याच्या राहण्याच्या जागेवरून नाव दिले. युरोपातील लोकांनी त्याच्या भाईबंदांना नाव दिले ते मात्र आवाजावरून. ह्या पक्ष्यांचा आवाज फार मोठा असतो. त्यांची श्वासनलिका लांब असून ती छातीच्या हाडापाशी वळसे घेते. त्यामुळे आवाज तुतारीसारखा घुमतो व दूरवर ऐकू जातो. ग्रीक भाषेत ह्या पक्ष्याला 'गेरानोस' म्हणत, लॅटिनमध्ये 'ग्रुस' म्हणत, आणि जुन्या इंग्रजीत 'क्रान' म्हणत. ही तिन्ही नावे एकाच फार जुन्या मुळापासून निघालेली आहेत, आणि ते मूळ त्या पक्ष्याच्या कर्कश हाकेचे अनुकरण असावे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपणही काव काव करणाऱ्याला कावळा म्हणतोच की!

आता यंत्राकडे वळू. मोठमोठे दगड उंच चढविण्याचे काम माणसाला फार प्राचीन काळापासून करावे लागत आले आहे. मंदिरे बांधताना ग्रीक लोकांनी त्यासाठी एक युक्ती काढली. एक उंच लाकडी खांब तिरपा उभा करावयाचा, त्याच्या टोकाशी कप्पी बसवावयाची, कप्पीवरून दोर सोडून त्याला दगड बांधावयाचा, आणि दोराचे दुसरे टोक रहाटाने ओढावयाचे. दगड वर येऊ लागे. काम चालू असताना हे यंत्र दुरून कसे दिसत असेल, ह्याची कल्पना करावी. लांब खांब म्हणजे मान, खाली लोंबणारा दोर आणि आकडा म्हणजे चोच, आणि खाली रोवलेले टेकू म्हणजे पाय! उथळ पाण्यात उभा राहून मान खाली घालणारा, भक्ष्य टिपून पुन्हा मान वर करणारा पक्षी ज्यांनी रोज पाहिला होता, त्यांना ह्या यंत्राला दुसरे नाव सुचण्याचे कारणच नव्हते. ग्रीकांनी यंत्रालाही 'गेरानोस' म्हटले.

पुढे युरोपातील इतर भाषांतही हेच घडले. इंग्रजीत सुमारे चौदाव्या शतकापासून 'क्रेन' हा शब्द यंत्रासाठी वापरला जाऊ लागला. फ्रेंच भाषेत 'ग्रू' ह्या एकाच शब्दाने आजही पक्षी आणि यंत्र ह्या दोहोंचा बोध होतो. जर्मन भाषेत मात्र पुढे वाटणी झाली. पक्ष्याला 'क्रानिश' हे नाव राहिले आणि यंत्राच्या वाट्याला 'क्रान' हे नाव आले. दोन भाऊ एका घरात वाढावेत आणि मोठे झाल्यावर त्यांनी वेगवेगळे संसार थाटावेत, तसाच हा प्रकार. मराठीत ह्या यंत्राला 'यारी' असाही एक शब्द आहे. परंतु बोलण्यात 'क्रेन' हाच शब्द अधिक चालतो. त्यामुळे झाले असे की, इंग्रजी मुलाला आपल्या शब्दात कधी तरी पक्षी दिसू शकतो. आपल्याला तो मुळीच दिसत नाही. आपल्याकडे शब्द आला तो यंत्राबरोबर आला. पक्षी मागेच राहिला.

ह्या एका उदाहरणावरून शब्दांच्या अर्थांतराची रीत स्पष्ट होते. माणसापुढे नवी वस्तू आली की तिला नाव द्यावे लागते. अगदी नवा शब्द घडविला तर तो कोणाला कळणार नाही. म्हणून माणूस आपल्या ओळखीच्या वस्तूंमध्ये साम्य शोधतो, आणि जुने नाव नव्या वस्तूला देतो. हे साम्य सर्वांगी असावे लागत नाही; एखादे ठळक लक्षण जुळले तरी पुरते. आरंभी ऐकणाऱ्याला ते साम्य आठवते व मौज वाटते. वापर वाढला की साम्याची आठवण पुसट होते आणि नाव तेवढे उरते. शेवटी अशीही वेळ येते की नवा अर्थच मुख्य होऊन बसतो आणि मूळ अर्थ सांगितला तर ऐकणाऱ्याला नवल वाटते.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात ही रीत फार झपाट्याने चालली आहे. शाळेतील संगणकाजवळ जे 'माउस' नावाचे साधन असते, त्याचेच पाहा. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट ह्या संशोधकाच्या कल्पनेवरून 1964 साली त्याचा पहिला नमुना तयार झाला. लाकडाचा एक लहान ठोकळा, खाली दोन चाके, आणि मागून निघालेली एक तार, असे त्याचे रूप होते. ठोकळा म्हणजे अंग आणि तार म्हणजे शेपूट, हे पाहून प्रयोगशाळेतील कोणी तरी त्याला उंदीर म्हटले. ते प्रथम कोणी म्हटले, हे पुढे खुद्द एंगलबार्ट ह्यांनाही आठवेना. 1970 साली त्या साधनाचे पेटंट मिळाले, त्यात त्याला लांबलचक शास्त्रीय नाव दिलेले होते. ते नाव आज कोणालाही ठाऊक नाही. उंदीर मात्र जगभर पोहोचला. आता पुष्कळशा माउसांना तार नसते. शेपूट गेले, तरी नाव गेले नाही!

'बग' हा असाच दुसरा शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ किडा असा आहे. पण संगणकाच्या आज्ञावलीत चूक राहिली तर तिलाही 'बग' म्हणतात. ह्या शब्दाविषयी एक कथा वारंवार सांगितली जाते. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका मोठ्या गणनयंत्रात बिघाड झाला, आणि शोध घेता आत एक पतंग अडकलेला सापडला. तेव्हापासून यंत्रातील दोषाला 'बग' म्हणू लागले, अशी ती कथा आहे. ह्यातील पतंग खरा आहे. तो ज्या नोंदवहीत चिकटविला होता, ती वही अमेरिकेतील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. परंतु शब्दाचा जन्म त्या दिवशी झाला, हे मात्र खरे नाही. त्याआधी सुमारे सत्तर वर्षे, 1878 साली, थॉमस एडिसन ह्याने आपल्या एका पत्रात यंत्रातील लहानसहान दोषांसाठी हाच शब्द वापरला होता. हार्वर्डमधील लोकांनी वहीत गमतीने नोंद केली ती एवढ्यासाठीच की, ज्याला आपण किडा म्हणत होतो, त्या जागी खरोखरीचाच किडा निघाला! गोष्ट रंजक असली म्हणजे ती खरी असतेच असे नाही, हे शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने सदैव ध्यानी ठेवावे.

ह्याच मार्गाने कोळ्याचे जाळे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे झाले. ह्याच मार्गाने इंग्रजीतील ढग, म्हणजे 'क्लाउड', दूर कोठे तरी साठविलेल्या माहितीचे नाव झाला. अभियंते संगणकांच्या जोडणीचे नकाशे काढीत, तेव्हा ज्या भागाचा तपशील दाखविण्याची गरज नसे, तेथे ते ढगाची आकृती काढीत. ढगापलीकडचे जसे दिसत नाही, तसेच हेही. त्या आकृतीवरून नाव पडले. वास्तविक ही माहिती ढगात नसून जमिनीवरील मोठमोठ्या इमारतींत यंत्रांमध्ये साठविलेली असते. लाखांदूरचा शेतकरी जून महिन्यात ज्या ढगांची वाट पाहतो, ते ढग पाणी देतात. संगणकाच्या ह्या ढगाला मात्र आपली यंत्रे थंड ठेवण्यासाठी उलट पुष्कळदा पाणीच लागते.

असे बदल केवळ इंग्रजीतच होतात, असे कोणी समजू नये. मराठीच्या घरातही अशी उदाहरणे पावलोपावली आढळतात. पंख पक्ष्याचा, पण वारा घालणारे साधन तो पंखा. संस्कृतात 'नड' किंवा 'नल' म्हणजे पाण्याकाठी उगवणारी, आतून पोकळ अशी गवताच्या जातीची वनस्पती. तिच्या पोकळपणावरून नळी आली, आणि घरोघरी पाणी देणारा नळही आला. गवताला पाते असते, सुरीलाही पाते असते, आणि छताच्या पंख्यालाही पाती असतात. हत्तीची सोंड मोटेला मिळाली. चामड्याच्या मोटेतून पाणी थारोळ्यात ओतणारी जी लांब नळी असे, तिला शेतकरी सोंडच म्हणत. विजेवर चालणारे पंप आले, मोट विहिरीवरून गेली, आणि तिच्याबरोबर सोंडेचा हा अर्थही बहुतेक लोपला.

'पत्र' ह्या शब्दाचा प्रवास तर फारच लांबचा आहे. संस्कृतात पत्र म्हणजे झाडाचे पान. कागद नव्हता तेव्हा ताडाच्या पानांवर आणि भूर्जाच्या सालीवर लिहीत. म्हणून लिहिलेल्या मजकुराला पत्र म्हणू लागले. पुढे कागद आला, पान गेले, पण पत्र हे नाव राहिले. त्यातूनच पत्रिका, पत्रक आणि वर्तमानपत्र हे शब्द निघाले. पानासारखा पातळ असा जो धातूचा तक्ता, तो पत्रा. घरावर पावसात ताडताड वाजणारा पत्रा आणि पळसाचे हिरवे पान ह्यांचे असे नाते आहे. पुस्तकाचे पान हेही त्याच वाटेने आलेले, आणि आता संगणकाच्या पडद्यावर जे दिसते त्यालाही आपण पानच म्हणतो. झाडापासून निघालेला शब्द पडद्यापर्यंत पोहोचला.

तथापि ह्या सर्वांत विचार करण्याजोगा शब्द म्हणजे 'वीज'. संस्कृतातील 'विद्युत्' ह्या शब्दापासून प्राकृतात 'विज्जु' झाला व त्यापासून मराठीत वीज आली. हजारो वर्षे वीज म्हणजे पावसाळी आकाशात चमकणारी वीज, एवढाच अर्थ होता. तारांतून वाहणारी, दिवे लावणारी आणि पंप चालविणारी शक्ती आपल्याकडे आली, तेव्हा तिलाही आपण तेच नाव दिले. इंग्रजीत ह्या शक्तीचे नाव अगदी निराळ्या गोष्टीवरून पडले. अंबर नावाचा, झाडाच्या राळेपासून बनलेला, पिवळसर खडा घासला असता तो गवताच्या काड्या ओढून घेतो, हे ग्रीकांना ठाऊक होते. अंबराला ग्रीक भाषेत 'एलेक्ट्रॉन' म्हणतात. 1600 साली विल्यम गिल्बर्ट ह्या इंग्रज वैद्याने त्या गुणाला त्यावरून लॅटिन नाव दिले, आणि त्यातून पुढे 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द झाला. एकाच शक्तीला एका भाषेने खड्यावरून नाव दिले, दुसरीने आकाशावरून. ह्यात आपली भाषा केवळ साम्यावर थांबली नाही. 1752 साली बेंजामिन फ्रँकलिन ह्याने सुचविलेल्या व केलेल्या प्रयोगांनी असे सिद्ध झाले की, आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेत निर्माण होणारी विद्युत् ह्या मुळात एकच आहेत. म्हणून आपण दिव्याच्या शक्तीला वीज म्हणतो, ते निव्वळ उपमा म्हणून नव्हे. ते शास्त्राच्या दृष्टीनेही सत्य आहे.

शब्दांना नवे अर्थ मिळतात हे भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण होय. त्यात शोक करण्याजोगे काही नाही. परंतु नवा अर्थ येताना जुना अर्थ नाहीसा झाला तर काय, हा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये ह्यावर एक मोठा वाद झाला. लहान मुलांसाठी तयार केलेल्या ऑक्सफर्डच्या एका कोशाची नवी आवृत्ती 2007 साली निघाली. तिच्यातून निसर्गातील कित्येक शब्द गाळले गेले होते. त्यांत काही झाडे व रानफुले होती, पाणमांजर होते, बगळा होता, आणि खंड्या पक्षीही होता. त्याच आवृत्तीत 'ब्लॉग', 'ब्रॉडबँड' ह्यांसारखे शब्द नव्याने आले होते. पुढे हे लोकांच्या ध्यानात आले, तेव्हा अनेकांना वाईट वाटले. 2015 साली काही नामवंत लेखकांनी प्रकाशकांना पत्र लिहून गाळलेले शब्द परत घेण्याची विनंती केली.

कोशकारांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की लहान कोशात जागा मोजकी असते. मुले जे शब्द प्रत्यक्ष वापरतात व वाचतात, तेच त्यात घ्यावे लागतात. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. कोश हा आरशासारखा असतो. चेहऱ्यावर डाग असेल तर आरशाला दोष देऊन उपयोग नाही. पण लेखकांचे म्हणणेही तितकेच खरे होते. ज्या वस्तूचे नाव मुलाला ठाऊक नाही, ती समोर असली तरी त्याचे तिच्याकडे लक्ष जात नाही; आणि जिच्याकडे लक्ष जात नाही, ती नाहीशी झाली तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. नाव हे लक्ष वेधण्याचे पहिले साधन आहे.

हा प्रश्न इंग्लंडातील मुलांचा आहे, लाखांदूरच्या मुलांचा नाही, असे म्हणता येईल काय? सारसाची स्थिती पाहिली तर तसे म्हणवत नाही. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि भंडारा ह्या दोन जिल्ह्यांतच उरला आहे. गोंदिया जिल्ह्यातही त्यांची संख्या शंभराच्या पुष्कळ आत आहे, आणि भंडारा जिल्ह्यात तर ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत. पूर्व विदर्भातील तलावांचा हा प्रदेश एके काळी ह्या पक्ष्याला माहेरासारखा होता. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी येथे तलाव बांधले. त्या तलावांचे उथळ काठ आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या ह्यांवर सारस जगत आला. पाणथळ जागा कमी झाल्या, पिकांवर विषारी औषधे फवारली जाऊ लागली, आणि घरट्यांना निवांतपणा उरला नाही, तसतसा तो कमी होत गेला. आणखी एक कारण आहे. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा उडताना सारसाला वेळेवर दिसत नाहीत. त्यांवर आदळून वा विजेचा धक्का बसून हे पक्षी मरतात. आकाशातील जी वीज ह्या पक्ष्याने युगानुयुगे पाहिली, तिने त्याची संख्या घटविली नाही. तारेतील वीज मात्र त्याला घातक ठरत आहे. एकाच नावाच्या दोन गोष्टी किती भिन्न असू शकतात, हे ह्यावरून दिसते.

तरीही ही गोष्ट केवळ दुःखाची नाही. गोंदिया जिल्ह्यात कित्येक शेतकरी आपल्या बांधीत सारसाने घरटे केले तर ते मोडू देत नाहीत. पिले उडून जाईपर्यंत त्यांची राखण करतात. थोडे धान तुडविले गेले तरी ते सोसतात. दर वर्षी उन्हाळ्यात अनेक मंडळी पहाटे उठून तलावांवर आणि नदीकाठी जातात व सारसांची गणती करतात. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या पक्ष्याला संरक्षण दिले आहे. पण घरट्याजवळ रात्रंदिवस कायदा उभा राहू शकत नाही. तेथे उभा राहतो तो शेतकरी. आणि तो उभा राहतो, कारण तो पक्षी त्याच्या ओळखीचा आहे, त्याचे नाव त्याला ठाऊक आहे.

सारस उद्या नाहीसा झाला, तरी 'क्रेन' हा शब्द नाहीसा होणार नाही. यंत्रे असतील तोवर तो राहील. रस्त्यावर कलंडलेले ट्रक उचलताना, नद्यांवर पूल बांधताना, मुले त्या यंत्राला त्याच नावाने हाक मारतील. फक्त त्या नावात एक पक्षी होता, हे जुन्या कोशावाचून कोणी सांगू शकणार नाही. आज ते सांगण्यासाठी कोश लागत नाही. रोवणीच्या दिवसांत गोंदियाकडील एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून पाहिले, तर पऱ्ह्यांच्या हिरव्या गर्दीतून राखी अंगाची आणि लाल मानेची ती जोडी अजूनही मान उंचावून उभी असलेली दिसू शकते.

ह्यासाठी विद्यार्थ्यांना करण्याजोगे एक सोपे काम आहे. एका वहीत पानाच्या मधोमध रेघ ओढावी. डावीकडे यंत्रांच्या, साधनांच्या आणि संगणकाच्या संबंधातले असे शब्द लिहावेत, की ज्यांचे मूळ निसर्गात आहे. उजवीकडे ते मूळ लिहावे, आणि ते आपल्या गावात पाहावयास मिळते की नाही, तेही नोंदवावे. त्याच वहीच्या शेवटी आजी-आजोबांना विचारून झाडीबोलीतील झाडांची, पक्ष्यांची आणि माशांची नावे उतरून घ्यावीत. त्यांतील काही नावे छापील कोशांत सापडणार नाहीत. ज्याच्या वहीत उजवीकडील रकाना रिकामा राहील, त्याने तो भरण्यासाठी पुस्तकाकडे न वळता आधी तलावाच्या पाळीवर जावे.